वाणात लुटलेली गाणी

माझे धाकटे दीर गिटार वाजवतात, असं मी लग्नानंतर कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. ऐकणाऱ्याच्या मनात डोळे मिटून प्रेमगीत म्हणणारा कुणी हळवा गडी उभा राहायचा. मग तो ऐकणारा आमच्याकडे चहाला यायचा, भाऊजींचं वाजवणं ऐकायचा आणि बिस्किटाला हात न लावता निघून जायचा. आता मी आधीच बजावते. ते वाजवतात त्याला ब्लूज म्हणतात, त्यात रॉकही आहे, पण हे शब्द ऐकून तुम्ही जी काही कल्पना कराल ती सोडून द्या.

भाऊजींचा आवाज म्हणजे कोरड्या नळातून पाण्याआधी येतो तसा. डाव्या करंगळीत ते गीझरच्या जुन्या नळीचा तुकडा घालतात आणि तो तारांवरून घासत नेतात. त्यातून रडणं निघतं, कुरकुर निघते, गंजलेलं दार उघडल्यासारखं काहीतरी निघतं. सूरही निघतो, पण त्याला यावंसं वाटलं तर. गाण्याचे शब्द त्यांचेच असतात. दिल्लीत जन्मलेल्या आणि वाढलेल्या माणसाचं मराठी ते, म्हणजे ‘यार’ आणि ‘देवघर’ एकाच ओळीत. ओळीचा अर्थ विचारला तर म्हणतात, अर्थ माहीत असता तर सरळ बोललो असतो, गायलो कशाला असतो?

दिवसा ते नोएडातल्या एका न्यूज चॅनेलमध्ये साउंडचं काम करतात. तिथे ओरडणाऱ्यांचा आवाज कमी करायचा आणि पुटपुटणाऱ्यांचा वाढवायचा, हेच काम. त्याचा सूड ते रविवारी उगवत. गाझियाबादच्या औद्योगिक भागात त्यांच्या एका मित्राची शेड आहे, तिथे वॉशर कापणारं पॉवर प्रेस दिवसभर धाड धाड आदळत असतं. त्या मशीनच्या शेजारी बसून त्यांनी पहिली रेकॉर्ड केली. त्यांच्यासोबत एक ड्रमवाला आणि एक दुसरा गिटारवाला. ड्रमवाल्याला पॅकिंगच्या खोलीत बसवलेलं, गिटारवाल्याला चौकीदाराच्या केबिनमध्ये, आणि दोघांनाही ताकीद अशी की दुसऱ्याचं ऐकायचं नाही. माणसं एकमेकांचं ऐकायला लागली की एकमेकांना सांभाळून घेतात, आणि सांभाळून घेतलं की गाणं मेलं, असा त्यांचा सिद्धांत. मी म्हटलं, अहो, आपलं अख्खं घराणं या सांभाळून घेण्यावरच तर चाललंय. ते म्हणाले, म्हणून तर मी एकटा राहतो.

त्या रेकॉर्डचे भक्त आहेत, हे मला मान्य केलं पाहिजे. दक्षिण दिल्लीतल्या एका तळघरात त्यांचा कार्यक्रम असायचा तेव्हा काळ्या कपड्यांतली दहाबारा तरुण मुलं भिंतीला टेकून, भुवया आक्रसून, फार गंभीरपणे ऐकत उभी असायची. मी, माझा नवरा आणि सासूबाई पुढच्या खुर्च्यांवर. नवऱ्याचा सख्खा भाऊ गातोय म्हणून आम्ही जायचोच. नवरा दुसऱ्या गाण्याला झोपायचा, आणि त्या आवाजात झोपू शकणारा माणूस म्हणून काळ्या कपड्यांतली मुलं त्याच्याकडे आदराने बघायची. सासूबाई पर्समधून कापूस काढून कानात घालत आणि शेवटी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत. मला तर डोकं धरून बसावंसं वाटे. पण खोटं कशाला बोलू, मधेच कुठेतरी, त्या सगळ्या गोंगाटात, एखादी ओळ अशी यायची की अंगावर काटा येई. मग ती ओळ परत यावी म्हणून मी उरलेला तासभर तग धरायची. ती परत येत नसे.

मग तो हिवाळा आला. हवा इतकी बिघडली की सरकारने कारखाने बंद करायला लावले, जनरेटर बंद, शेडला कुलूप. दर हिवाळ्यात होतं तेच, पण त्या वर्षी जरा लांबलं. भाऊजी पिंजऱ्यातल्या वाघासारखे फेऱ्या घालत होते. त्याच सुमारास माझे सासरे, बाबा, अंथरुणाला खिळले होते. अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं, बोलणं जड झालेलं. ते आमच्याकडेच, गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत. भाऊजी रोज संध्याकाळी त्यांना बघायला येत, गिटार खांद्याला अडकवूनच. एका रविवारी ते दोघेही वादक त्यांच्यामागून आमच्या दारात उभे. माझी परवानगी वगैरे कुणी विचारली नाही. हॉलमधला सोफा भिंतीला लावला, माझ्या रजया खिडक्यांवर टांगल्या, आणि तिघं एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले. बाबांना खोलीचं दार लावलेलं चालत नसे, म्हणून ते उघडंच. बाबा झोपलेले, त्यामुळे जे काही वाजवायचं ते बेतानेच वाजवायचं होतं.

ती झाली दुसरी रेकॉर्ड. आणि त्या रेकॉर्डवर माझा जीव जडला.

मला गाण्यातलं शास्त्र काही कळत नाही, तेव्हा जसं वाटतं तसंच सांगते. त्या रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा त्या तिघांनी एकमेकांचं ऐकलं. ऐकावंच लागलं, ताल धरणारं दुसऱ्याचं पाऊल पडत होतं ते यांच्या मांडीवर. भाऊजींचा तोच कोरड्या नळाचा आवाज, पण खाली आणलेला, कुणाच्या तरी कानाशी बोलल्यासारखा. तीच गीझरची नळी, पण आता ती तारेवरून घसरत नेमकी जिथे थांबावी तिथे थांबते. एक गाणं आहे विरजण न लागलेल्या दह्याचं. दिल्लीच्या थंडीत शाल गुंडाळून, हीटरशेजारी ठेवलेलं पातेलं, आणि सकाळी उघडून बघावं तर आत दूधच. असल्या विषयावर कुणी प्रेमगीत करेल का? त्यांनी केलं, आणि तुम्ही ऐकाल तर तुम्हालाही तुमचं कुणीतरी आठवेल. एक सोसायटीच्या लिफ्टची वाट बघण्याचं आहे, त्यात ड्रमवाला स्टीलच्या डब्यावर बोटांनी वाजवतो, तो डबा माझ्या पोह्यांचा. एकात नुसते शब्दच आहेत, फडताळ, वळचण, उंबरा, परसू, घरात आईच्या तोंडून ऐकलेले आणि दिल्लीत कधीच वापरायला न मिळालेले. ते शब्द भाऊजी अशा हौसेने उच्चारतात जशी लहान मुलं पाहुण्यांनी आणलेले पेढे एकेक करून बाहेर काढतात.

माझी गाडी जुनी, तिच्यात अजून सीडी वाजते. गाझियाबादहून नोएडाच्या ऑफिसला जाताना मी रोज तीच लावायची. ट्रॅफिक तुंबला की लोक हॉर्नवर हात ठेवून बसतात, मी आवाज वाढवून बसायची. सिग्नलला शेजारच्या ऑटोतला माणूस माझ्याकडे बघून हसायचा, कारण मी तोंडाने दह्याचं गाणं म्हणत असायची. इतका निव्वळ आनंद मला त्या रस्त्यावर दुसऱ्या कशाने दिलेला नाही.

उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊजी दोन्ही रेकॉर्डचे उरलेले सीडीचे खोके आमच्या माळ्यावर आणून टाकून गेले. पहिलीचे खोके जागा नाही म्हणून ठेवले होते. दुसरीबद्दल म्हणाले, ही रद्दीत दिली तरी चालेल. मला वाटलं थट्टा करताहेत. मी अगदी मनापासून सांगितलं की भाऊजी, ही तुमची सगळ्यात चांगली रेकॉर्ड आहे, मी रोज ऐकते. त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांना दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं.

“वहिनी,” ते म्हणाले, “ज्यांना ही रेकॉर्ड आवडते ना, त्यांना मी गप्प बसलेला आवडतो.”

मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं, कारण त्यांचं म्हणणं कुठून आलं ते मला कळत होतं. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा. पलीकडे एका साहेबाचं घर, वर दुसऱ्या साहेबाचं, मधल्या भिंती पापडाएवढ्या. बाबा स्वतः शिस्तीचे, सचिवालयातून आले की घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी. गिटार आल्या दिवसापासून या मुलाने एकच शब्द ऐकला, हळू. आई म्हणायच्या हळू, भाऊ म्हणायचा हळू, बाबा तर नुसते बघायचे. म्हणूनच तर तो पॉवर प्रेसच्या शेजारी जाऊन बसला. आणि आता मी, वहिनी, येऊन सांगत होते की मला तुमचं ते हळू वाजवलेलंच आवडतं. त्यांच्या दृष्टीने मी बाबांचीच री ओढत होते. मला काही ते तसं आवडत नव्हतं. पण कसं आवडतं ते त्यांना पटेल असं सांगता येईना, आणि ही गोष्ट आमच्या दोघांत वर्षभर तशीच राहिली. विषय निघाला की ते चहाचा कप उचलून गॅलरीत जायचे.

बाबांच्या वर्षात सण केला नाही. मग पुढची संक्रांत आली आणि माझ्या हातून तो पराक्रम झाला.

आमच्याकडचं हळदीकुंकू म्हणजे गाझियाबाद, नोएडा आणि पार दिल्लीच्या लष्करी छावणीपर्यंतच्या मराठी बायकांचा मेळा. बाबा गेल्यावर मी जाहीर करून टाकलं की पहिलं कुंकू आईंना, म्हणजे सासूबाईंना, लागणार, ज्यांना पटत नसेल त्यांनी तिळगूळ घरी बसून खावा. सगळ्या आल्या. आमची एक ख्रिस्ती मैत्रीण आहे नगरकडची, ती दरवर्षी पहिली येते आणि शेवटी जाते. प्रश्न असतो तो वाणाचा. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे, सगळ्यांच्या घरात सगळ्यांचे झालेत. त्या वर्षी मी खरेदीला जाऊ शकले नाही, आणि आदल्या दिवशी पाट काढायला माळ्यावर चढले तर समोर ते खोके.

मला ते एकदम सुचलं. रद्दीत द्यायला सांगितलीच आहे ना, मग मी ती लुटते. संक्रांतीला लुटलेल्या वस्तूसारखी दुसरी कुठली वस्तू इतक्या घरांत पोचते? आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, डबे देण्यापेक्षा बरं. एक खोका उघडला, कव्हर पाहिलं, तीच. बाकीचे खोके मी न उघडताच खाली घेतले, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला हळदीकुंकू, तिळगूळ, ओंजळभर बोरं आणि एकेक सीडी दिली. माझ्या दिराची गाणी आहेत, फार गोड आहेत, अशी प्रत्येकीजवळ जाहिरातही केली.

आता कव्हरबद्दल सांगायला हवं. भाऊजी कव्हरवर नाव लिहीत नाहीत, नाव वाचून लोक ऐकायच्या आधीच मत बनवतात म्हणून. तपकिरी पुठ्ठ्यावर शाईने काढलेला नुसता एक नळ. पहिल्या रेकॉर्डवरही नळ, दुसऱ्या रेकॉर्डवरही नळ. फरक इतकाच की दुसऱ्या नळाला खाली एक थेंब आहे. तो थेंब मी कधी नीट पाहिलेला नव्हता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. निम्म्या बायकांच्या पदरात पॉवर प्रेस पडलं होतं.

फोन सुरू झाले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या यजमानांनी सीडी गाडीत लावली, आणि पुलावर चढताना गाडीत धाड धाड ऐकून गाडी थेट मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने सस्पेन्शन तपासलं, चाकं तपासली, आणि शेवटी हात लांब करून सीडी बंद केली. नोएडाच्या एकीने गॅलरीत कबुतरं येतात म्हणून ती दोरीला टांगली, आणि म्हणाली, कबुतरं गेली हो, पण आधी आम्ही ती एकदा वाजवली होती, तेव्हा नक्की कशाने गेली ते सांगता येत नाही. ख्रिस्ती मैत्रिणीला थेंबवाली मिळाली होती. तिने मला फोनवर दह्याचं गाणं पूर्ण म्हणून दाखवलं, चुकीच्या चालीत. मी हसून हसून ओट्याला टेकले. भाऊजी तेव्हा कामासाठी चंदीगडला होते, आणि आपला देवच आपल्याला वाचवतोय अशी माझी समजूत होती.

ते परतले आणि त्यांना कळलं. पहिली रेकॉर्ड लोकांच्या गाड्या बिघडवते आहे हे ऐकून त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या असाव्यात. पण दुसरी वाटली म्हटल्यावर मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. पहिली राहू दे, दुसरी सगळ्यांकडून परत मागून आणा, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच तर रद्दीत द्यायला सांगितलं होतंत. रद्दीत द्या म्हटलं होतं, माणसांना द्या म्हटलं नव्हतं, असं त्यांचं उत्तर. आमचा आवाज चढत गेला. आई देवघरात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “वाण परत मागत नाहीत.”

तिथे विषय संपला. आमच्याकडे पुष्कळ गोष्टींवर वाद चालतात, पण वाण परत मागायला कोण जाणार? भाऊजी न जेवता गेले, आणि त्यांनी माझे फोन उचलणं बंद केलं. मी वरवर म्हणत राहिले की जातात कुठे, येतील भूक लागली की. पण मला झोप लागेना. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यावर असा रुसला नव्हता. एक रेकॉर्ड मला आवडली, एवढ्यासाठी माझा दीर तुटणार असेल तर ती रेकॉर्ड काय चाटायची?

अशातच छावणीतून फोन आला. फोन करणारी मुलगी तिशीतली, इचलकरंजीकडची, नवरा फौजेत आणि सध्या वर सरहद्दीवर. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये रांगेत आमची ओळख झाली होती, तेव्हापासून मी तिला सणासुदीला बोलावते. तिने आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग म्हणाली, “काकू, त्या गाण्यात मागं मशीन हाय बघा, ते कुठलं हो?”

मी मनात म्हटलं, आणखी एक तक्रार. पण तिची तक्रार नव्हतीच. ती यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेली. घराला लागूनच मागांचा कारखाना, रात्रंदिवस खडखडाट, आणि त्या खडखडाटात ही सगळी भावंडं गाढ झोपायची. वीज गेली, माग थांबले, की सगळी पोरं जागी होऊन रडायची. दिल्लीतल्या शांत क्वार्टरमध्ये तिला स्वतःलाच झोप येत नव्हती, आणि तिची वर्षाची मुलगीही रात्ररात्र किरकिरायची. हळदीकुंकवाहून आल्यावर तिने ती सीडी सहज लावली, तर दुसऱ्या गाण्याला पोरगी झोपली. तेव्हापासून रोज दुपारी आणि रात्री तीच अंगाई. थेंबवालीसुद्धा तिने शेजारणीकडून आणून ऐकली होती, पण ती म्हणे लई संथ, पोरगी टक्क जागी राहते. आता तिच्याकडे रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू होतं, आणि गाणाऱ्या भाऊंना घेऊन या, असा आग्रह होता.

मी आईंच्या फोनवरून भाऊजींना फोन लावला, म्हणून त्यांनी उचलला. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की झोपते म्हणजे कशी झोपते, कंटाळून की कशी. मी म्हटलं, बाळ आहे ते, समीक्षक नाही, झोपतं म्हणजे झोपतं. आपली सगळ्यात जहाल रेकॉर्ड कुणाची तरी अंगाई झाली, याचा अपमान मानावा की अभिमान, हे त्यांना ठरवता येईना. पण ते आले.

छावणीच्या गेटवर जवानाने गिटारची पेटी उघडून पाहिली आणि गीझरची नळी हातात घेऊन, ही कशासाठी, असं विचारलं. भाऊजींनी तिथेच दोन तारा वाजवून दाखवल्या. जवान म्हणाला, चलो, जाइए. क्वार्टरमध्ये आत बायकांचं हळदीकुंकू, पुरुषाचं तिथे काय काम, म्हणून भाऊजींना व्हरांड्यात खुर्ची दिली, आणि दार उघडं ठेवलं. आई आतल्या पलंगावर मानाच्या जागी. वर्षाची पोरगी यजमानीणबाईच्या कडेवर, डोळे टक्क उघडे, किरकिर चालूच.

भाऊजींनी पहिल्या रेकॉर्डमधलं वाजवायला घेतलं. मशीन नव्हतं, तर पायाने फरशीवर धाड धाड सुरू केली. नळी तारांवरून ओरडत गेली. बायकांनी हातातले तिळाचे लाडू तसेच धरले. समोरच्या क्वार्टरचं दार उघडलं. आणि ती पोरगी, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, आईच्या खांद्यावर मान टाकून हळूहळू सैल पडली आणि झोपली. भाऊजी तिच्याकडे बघत बघत आणखी जोरात गायले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिलेला नव्हता. तळघरातल्या सगळ्या आक्रसलेल्या भुवया एका पारड्यात घातल्या तरी ही एक झोप भारी पडली असती. मला त्या गाण्यात नेहमीसारखंच एका ओळीवर शहारल्यासारखं झालं, आणि या वेळी ती ओळ परत आली.

गाणं संपल्यावर आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीने, जी इथेही पोचली होतीच, दह्याचं गाणं म्हणायला घेतलं. चाल पुन्हा चुकीची. भाऊजींनी एक ओळ सहन केली, दुसरी केली. तिसऱ्या ओळीला त्यांना राहवलं नाही, ते म्हणाले, नाही, ते असं नाही, असं आहे, आणि वाजवायला लागले. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत पहिलं कडवं होऊन गेलं होतं. थांबले नाहीत. उलट मोकळ्या गळ्याने, छाती भरून, त्या सतरंजीवर कधीच गाता आलं नव्हतं तसं गायले. बायका ओळ उचलायला लागल्या. लिफ्टचं झालं, शब्दांचं झालं. फडताळ म्हटलं की आई आतून मोठ्याने फडताळ म्हणायच्या. यजमानीणबाई एका हाताने झोपलेलं बाळ आणि दुसऱ्याने ताटातलं हळदकुंकू सांभाळत हसत होती. हळदीकुंकवाला इतका दंगा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

परत निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. मी गाडी चालवत होते, भाऊजी शेजारी, आई मागे. पूल ओलांडल्यावर भाऊजींनी खिडकीबाहेर बघतच विचारलं की दह्याचं गाणं आजचं चांगलं झालं, की रेकॉर्डवरचं चांगलं आहे.

मला वाटलं, आता आजचं म्हणून मोकळी हो, आत्ता कुठे गाडी रुळावर येतेय. पण त्यांच्याशी मला खोटं बोलता येत नाही.

“रेकॉर्डवरचं,” मी म्हटलं.

त्यांनी खिडकीची काच वर घेतली. मग म्हणाले, “मलाही तेच वाटतं.”

मी ब्रेक लावता लावता राहिले. मग माळ्यावर का टाकलीत, रद्दीत का द्यायला सांगत होतात, वर्षभर माझ्याशी का भांडलात, सगळं मी एका दमात विचारलं. गाडीत माझी सीडी होतीच. ती त्यांनी सुरू केली आणि बटण दाबत शेवटच्या गाण्यावर नेली. ते गाणं माझं कधी धड ऐकून झालेलं नव्हतं, कारण तोवर माझं ऑफिस येतं, आणि परतताना मी पुन्हा पहिल्यापासून लावते. छोटंसं गाणं, शब्द नाहीतच, नुसती नळी आणि तार. ते संपलं. मला वाटलं आता बंद करतील, पण त्यांनी हात मागे घेतला. नुसती खरखर चालू राहिली, रजया टांगलेल्या माझ्या हॉलची. कुणीतरी पाय सरळ केला. आणि मग आतल्या खोलीतून, जड जिभेने, एकेक अक्षर ओढत आलेला आवाज.

“का थांबलात?”

सीडी तिथेच संपली.

रस्त्यावर नेहमीचा गोंगाट होता. भाऊजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून मी गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर आई पुढे सरकल्या आणि त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

“परत लाव,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून लाव.”